खार्किवची बोटं, डेट्रॉइटची तालीम

बंडुरा हे युक्रेनी तंतुवाद्य मांडीवर घेऊन बसलेला वादक समोरून पाहिला, की आधी नजरेत भरतात त्या तिच्या तारा. साठच्या आसपास. आखूड मानेवर खर्जाच्या जाड तारा आणि रुंद पोटावर पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक तारा. बोटाने तार दाबून सूर बदलायचा नाही. आपल्या स्वरमंडळासारखी एक तार, एक सूर. मात्र चाल आणि खर्ज दोन्ही एकट्यालाच सांभाळायचे असतात, आणि बहुतेकदा सोबत गायचंही असतं.

आता डाव्या हाताकडे बघा. कीव पद्धतीत वाद्य शरीराशी कोन करून धरतात. डावा हात प्रामुख्याने खर्जावर राहतो, चाल उजवा वाजवतो. खार्किव पद्धतीत वाद्य छातीशी समांतर असतं. डावा हात वरच्या कडेवरून पलीकडे जाऊन बारीक तारांवरही उतरतो आणि दोन्ही हात सगळ्या तारांवर फिरू शकतात. एकाच वाद्यातून दोन वादकांचं काम निघतं. युक्रेनमध्ये ही दुसरी पद्धत जवळजवळ संपली होती. ती टिकली मोठ्या प्रमाणात अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात, निर्वासितांच्या हातांत.

तिला शास्त्र दिलं ह्नात खोतकेविचने. 1877 मध्ये खार्किवला जन्मलेला, शिक्षणाने इंजिनिअर, पेशाने लेखक, आणि बंडुरेचं वेड लागलेला माणूस. 1902 मध्ये खार्किवला पुरातत्त्व परिषद भरली तेव्हा त्याने अंध कोबझारांना, म्हणजे गावोगाव फिरून वीरगाथा गाणाऱ्या वादकांना, थेट विद्वानांसमोर बसवलं. 1909 मध्ये त्याचं बंडुरावादनाचं पाठ्यपुस्तक ल्विवला छापलं गेलं. 1926 पासून तो खार्किवच्या संगीत-नाट्य संस्थेत बंडुरा शिकवू लागला. पोल्तावाच्या बंडुरावादकांच्या वृंदालाही त्याने आपल्या पद्धतीत घडवलं. 1938 मध्ये सोव्हिएत सत्तेने त्याला गोळ्या घातल्या. 1956 मध्ये त्याला निर्दोष ठरवण्यात आलं, पण तोवर संगीतशाळांत कीव पद्धतच रुजली होती. माणूस मारला की त्याच्या हातची विद्याही जाते, हे मारणाऱ्यांना नीट ठाऊक असावं असं मला वाटतं.

ती गेली नाही, कारण काही वादक देशाबाहेर पडले. 1918 मध्ये वासिल येमेत्सने कीवला बंडुरावादकांचा पहिला मोठा गायकवृंद उभा केला होता. 1935 मध्ये कीव आणि पोल्तावाचे वृंद सरकारी हुकमाने एकत्र झाले. युद्धात त्यांतल्या वाचलेल्यांनी ह्रिहोरी कितास्तीच्या नेतृत्वाखाली पुन्हा वृंद बांधला. 1942 मध्ये जर्मनांनी त्यांना हॅम्बुर्गला छावणीत नेलं. पुढे जर्मनीतल्या युक्रेनी मजुरांसमोर आणि युद्ध संपल्यावर निर्वासितांच्या छावण्यांमध्ये त्यांनी कार्यक्रम केले. समोर बसलेल्यांपैकी अनेकांना घरी परतणं शक्य नव्हतं. त्यांना स्वतःच्या भाषेत गाणं ऐकायला मिळालं, त्याचं मोल कशात मोजायचं?

या सगळ्या धावपळीत वाद्यं कुठून आणायची? पेत्रो आणि ओलेक्सांद्र होन्चारेन्को हे भाऊ वृंदातलेच. युद्धानंतर जर्मनीत त्यांनी स्वतः बंडुरा बनवायला घेतल्या. खोतकेविचच्या खार्किव बंडुरेचाच आराखडा त्यांनी पुढे नेला, आणि सूर चटकन बदलता यावेत म्हणून तारांना छोट्या कळा बसवल्या. देश सुटलेला, पुढचं घर कुठे ते माहीत नाही, आणि ही माणसं वाद्यात सुधारणा करत होती! या गोष्टीपुढे मी नेहमी थबकतो.

1949 मध्ये वृंद डेट्रॉइटला आला. बरेच जण दिवसा मोटारींच्या कारखान्यांत राबत आणि संध्याकाळी तालमीला जमत. वृंदाचं नाव होतं युक्रेनी कवी तारास शेवचेन्कोचं. तिकडे ऑस्ट्रेलियात सिडनीला ह्रिहोरी बाझूल होता, खार्किव परंपरेतला. त्याच्याकडे शिकलेला व्हिक्टर मिशालोव्ह हा सिडनीतच जन्मलेला मुलगा. तो पुढे कीवच्या संगीत विद्यालयात शिकला, कॅनडात स्थायिक झाला आणि तिथे त्याने वृंद चालवले. खोतकेविचचं बंडुरेवरचं लेखन त्याने संपादित केलं आणि ते 2000 नंतर खार्किवमध्येच ग्रंथरूपाने निघालं. खोतकेविच जिथे जन्मला, त्या शहरात त्याची विद्या परदेशात वाढलेल्या माणसाने छापून आणली.

याला नुसती जतन केलेली आठवण म्हणणं मला कमी वाटतं. आठवण कपाटात राहते. ही पद्धत दर पिढीत नव्या हातांत उतरवावी लागली. पेनसिल्व्हेनियातल्या एम्लेंटनला उन्हाळ्यात भरणारं ‘कोबझारस्का सिच’ शिबिर हेच काम करतं. घरी इंग्रजी बोलणारी मुलं तिथे काही दिवस बंडुरा घेऊन बसतात, एकत्र गातात आणि मोठ्यांच्या शेजारी बसून शिकतात. परदेशस्थ समाजाने केलेल्या कामात समारंभ बरेच असतात, पण मला असं शिकवणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

1991 मध्ये शेवचेन्को वृंदाने युक्रेनमध्ये जाऊन गायन केलं. त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. 1992 मध्ये युक्रेनचा राष्ट्रीय शेवचेन्को पुरस्कार या वृंदाला मिळाला. कितास्ती ते पाहायला नव्हता. तो 1984 मध्येच गेला. 2024 मध्ये युनेस्कोने कोबझा, म्हणजे बंडुरेच्या जवळचं तंतुवाद्य, आणि चाकाच्या लायरच्या परंपरेच्या संरक्षणाचा कार्यक्रम उत्तम संवर्धनाच्या नोंदवहीत घेतला. सन्मान मोठा आहे. पण खार्किव पद्धतीने वाजवायला तसंच वाद्य लागतं, आणि ते हाताने घडवणारे कारागीर आजही थोडेच आहेत.