तळव्यांची खबर

मधुमेहाचा विषय निघाला की आपण साखर, चहा आणि आंबा यांच्यावर तासभर बोलतो. पाय राहूनच जातात. माझे थोरले बंधू, आमचे भाईजान, घाटकोपरला राहतात. वय ७२, मधुमेह २० वर्षांचा. एका पावसाळ्यात लोकलमधून उतरून पुलाच्या जिन्यापर्यंत आले, तर एका पायात चप्पलच नव्हती! खाली पाहिलं तेव्हा दिसलं. आम्ही कवी 'पायाखालची जमीन सरकली' असं सहज लिहून जातो. इथं जमीन जागच्या जागी होती, तिची खबर वर पोचत नव्हती.

मंडळी, आपला तोल तिघं मिळून सांभाळतात. डोळे, कानाच्या आतलं इंद्रिय आणि तळवे-घोट्यांतून येणारी जाणीव. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसा खराब होतात. सगळ्यांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात बहुधा तिथून होते. आधी मुंग्या, जळजळ, मग बधिरपणा. काहींना तर मुंग्यासुद्धा येत नाहीत. दिवसा डोळे पायांची उणीव भरून काढतात. खरी पंचाईत होते ती रात्री दिवा न लावता न्हाणीघराकडं जाताना, किंवा डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना. एकोणिसाव्या शतकात रोम्बर्ग या जर्मन डॉक्टरांनी हेच हेरलं. पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायची तपासणी आजही त्यांच्या नावानं ओळखतात. ती घरी एकट्यानं करू नये.

पूर्वी अशा रुग्णांना 'जपून राहा, चालणं कमी करा' असं सांगत. अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेनं २०१० मध्ये मात्र स्पष्ट केलं, की पायाला जखम नसेल तर बेतानं चालायला हरकत नाही.

भाईजानना फिजिओथेरपिस्टनं स्वयंपाकघराचा ओटाच व्यायामशाळा करून दिला. पायांत बूट हवेतच. ओट्याला दोन्ही हात टेकून टाचा उचलायच्या, सावकाश खाली आणायच्या. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला भिडवून उभं राहायचं. मग ओट्याच्या कडेनं आडवं चालायचं. ते पाहून भाभी अजून हसतात. शेवटी हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, बसायचं. जमू लागलं की दोन हातांऐवजी एक हात, मग नुसती बोटं. मागं खुर्ची आणि घरात कुणीतरी असलंच पाहिजे. यानं मेलेली नस जिवंत होते असं समजू नका. पोटऱ्या आणि कंबरेचे स्नायू तोल वेळेवर सावरायला शिकतात, इतकंच. त्यालाही काही आठवडे लागतात.

नमाजाआधी वजू करताना एक पाय उचलून बेसिनमध्ये धुवायची सवय आमच्याकडं अनेकांना आहे. ओल्या लादीवर, एका पायावर! भाईजान आता स्टुलावर बसून पाय धुतात, बोटांच्या बेचक्या कोरड्या करतात आणि आरसा धरून तळवा पाहतात. जखम दुखत नाही, म्हणून ती पाहावी लागते.

उठून उभं राहताना चक्कर येत असेल तर व्यायामाआधी डॉक्टरांना सांगा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असाल तर बी-१२ तपासून घ्या. ते कमी झालं तरी पाय असेच बधिर होतात आणि त्यावर औषध आहे.