गजकर्ण हटेनासे का झाले?

फुप्फुसात किंवा रक्तात शिरणाऱ्या बुरशींच्या तुलनेत गजकर्णाची, म्हणजेच नायट्याची, बुरशी सौम्य समजली जाते, कारण तिच्यामुळे माणूस दगावत नाही. परंतु औषधाला न जुमानणारी बुरशी कशी वाढीस लागते याचे भारतातले सर्वांत बोलके उदाहरण हीच बुरशी आहे.

त्वचेचा बाहेरचा थर मृत पेशींचा असून तो केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेला असतो. बुरशीचे तंतू तुटून झालेले बीजाणू गळलेल्या कोंड्यातून, ओलसर टॉवेलातून किंवा कपड्यांतून दुसऱ्याच्या अंगावर पोचतात, काही तासांत तेथे घट्ट चिकटतात आणि केराटिनचे विघटन करणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, सोडून त्यावर पोसतात. चट्ट्याची लाली आणि असह्य खाज ही मुख्यतः शरीराच्या प्रतिकाराची खूण असते.

बुरशीची पेशी जीवाणूपेक्षा मानवी पेशीला अधिक जवळची असल्याने, माणसाला इजा न करता तिला मारणारी औषधे मुळातच मोजकी आहेत. मानवी पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल, आणि बहुतेक औषधे या एका फरकावरच बेतलेली आहेत. टर्बिनाफिन हे औषध अर्गोस्टेरॉल घडवणाऱ्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकराला जखडून ठेवते. मात्र भारतात फैलावलेल्या, आणि 2020 मध्ये जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिलेल्या, बुरशीच्या अनेक वाणांत या विकरातील एखादेच अमिनो आम्ल बदललेले आढळते आणि तेवढ्याने औषधाची पकड सुटते.

हा बदल फोफावण्यास स्टेरॉइडमिश्रित मलमांनी मोठा हातभार लावला, असे अनेक त्वचारोगतज्ज्ञांचे मत आहे. क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकाच ट्यूबमध्ये असलेले हे मलम लावताच खाज थांबते, पण ती थांबते शरीराचा प्रतिकार दडपला गेल्यामुळे. बुरशी आत पसरत राहते, बरे वाटले म्हणून रुग्ण उपचार अर्धवट सोडतो, आणि अपुऱ्या मात्रेतून नेमके औषधाला दाद न देणारे वाण तगून राहतात. यात रुग्णाला दोष देणे अन्यायाचे आहे, कारण त्याला ते मलम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय सहज मिळत आले. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशा अनेक स्टेरॉइडांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी बंधनकारक केली, तरी अंमलबजावणी ढिलीच राहिली. याच बुरशीच्या, 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये नोंदवलेल्या, पहिल्या दोन रुग्णांपैकी एकाने अलीकडे परदेश प्रवासच केलेला नव्हता, यावरून हा प्रश्न आता भारतापुरता उरलेला नाही हे दिसते.

ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन हे नाव दिसल्यास ते मलम वाचकांनी गजकर्णावर स्वतःहून लावू नये, आणि घरात ज्यांना ज्यांना चट्टे आहेत त्या सर्वांनी त्वचारोगतज्ज्ञाकडून एकाच वेळी उपचार सुरू करून ते सांगितलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण करावेत.