परिचारिका व्हायचे आहे? — थोडी माहिती, थोडा अनुभव
(बी.ए. भाग दोन)

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिली व्यक्ती म्हणजे माझी आक्का, व दुसरी मी. उसाची लागण कधी करावी, म्हैस आटली तर काय करावे, हे आबांना विचारले तर ते रात्रभर सांगतील. परंतु बारावीनंतर कोणता अर्ज कुठे द्यायचा हे विचारायला घरात कोणी नव्हते. ही माहिती वेळेवर न मिळाल्याने आमची एक म्हैस व आक्काचे एक वर्ष गेले. म्हणून हा लेख.

पाच वर्षांपूर्वी आक्का कला शाखेतून बारावी झाली. आजीच्या आजारपणात ती सी.पी.आर.मध्ये अकरा दिवस राहिली होती. तेथील एका सिस्टरने तिला तापाचा तक्ता कसा भरतात हे दाखविले, आणि तेव्हापासून ‘नर्स होणार’ हे तिने मनाशी धरले. त्याच सुमारास शहरात एका क्लासचा फलक दिसला : एका वर्षात नर्सिंग, नोकरीची हमी. आबांनी म्हैस विकून फी भरली. वर्ष संपल्यावर रंगीत प्रमाणपत्र मिळाले. ते घेऊन आक्का एका खाजगी दवाखान्यात गेली, तेव्हा तेथील मेट्रनबाईंनी एवढेच विचारले, “रजिस्ट्रेशन नंबर?” तो नव्हता, आणि त्या कागदावर कधी मिळणारही नव्हता.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, सगळी मेख या नंबरात आहे. परिचारिका म्हणून काम करण्यासाठी राज्याच्या परिषदेकडे, म्हणजे मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, नोंदणी व्हावी लागते व ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा केलेल्यांचीच होते. देशभरचे अभ्यासक्रम ठरविण्याचे काम 1947 च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेकडे आले. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने 2023 साली नवा राष्ट्रीय आयोगाचा कायदा मंजूर केला आहे. फलक कितीही मोठा असो, फी भरण्यापूर्वी संस्थेचे नाव परिषदेच्या यादीत आहे की नाही हे पाहावे. आम्ही ते पाहिले नाही.

या शिक्षणाला शिरण्याच्या वाटा तीन. पहिली ए.एन.एम., दोन वर्षांची, फक्त मुलींसाठी. गावच्या उपकेंद्रात लसी देणाऱ्या, गरोदर बायकांची नोंद ठेवणाऱ्या आरोग्यसेविका या वाटेने येतात. सपाट प्रदेशात पाच हजार व डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र असा दंडक आहे, म्हणजे राधानगरी-भुदरगडच्या वाड्यावस्त्यांवर एकीला किती चालावे लागत असेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. दुसरी वाट जी.एन.एम., तीन वर्षांची पदविका. शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. ही मुलांनाही खुली आहे. तिसरी बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांची पदवी. तिला बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हवे आणि आपल्या राज्यात सी.ई.टी. द्यावी लागते. ही पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची.

आता आपल्या, म्हणजे कला शाखेवाल्यांच्या, कामाची गोष्ट. “आर्ट्स घेतलंस, आता नर्सिंग विसर,” असे आक्काला तिघांनी सांगितले होते. तिघेही चुकले होते. जी.एन.एम.ला बारावी कोणत्याही शाखेची चालते. एकूण 40 टक्के गुण हवेत व इंग्रजी हा विषय घेऊन त्यात उत्तीर्ण असावे लागते. वय प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला किमान 17 पूर्ण, व 35 पर्यंत. पुढे नोंदणी झाल्यावर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. म्हणजे विज्ञान न घेतलेल्या मुलीलाही पदवीचा दरवाजा बंद नाही, मात्र वळसा घालून जावे लागते.

शासकीय शाळा काही आरोग्य विभागाच्या तर काही वैद्यकीय शिक्षण विभागाच्या असतात. प्रवेश वर्षातून एकदाच, व जाहिरातीनंतर दिवस थोडे मिळतात. जाहिरात आल्यावर दाखले काढायला धावणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय. शाळा सोडल्याचा दाखला, बारावीचे गुणपत्रक, अधिवास, उत्पन्न, जातीचा दाखला व त्याची वैधता, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर : हे सर्व आधीच हवे. वैधतेला फार दिवस जातात. आक्काच्या एका दाखल्यावर आबांचे नाव ‘बापू’ तर दुसऱ्यावर ‘बापूसाहेब’ होते. आयुष्यात कोणी ‘साहेब’ म्हटले नाही त्या आबांना त्या ‘साहेबा’साठी तहसील कार्यालयात चार खेपा घालाव्या लागल्या.

दुसऱ्या प्रयत्नात आक्काला शासकीय शाळेत जागा मिळाली. पहिल्या वर्षी शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र. पुस्तके सगळी इंग्रजीत. ती समासात देवनागरीत उच्चार लिहून काढी. उत्तीर्ण व्हायला 50 टक्के लागतात, आपल्यासारखे काठावरच्या चाळीसवर भागत नाही. हजेरी प्रत्येक विषयाला 80 टक्के, आणि वॉर्डमधले चुकलेले दिवस पदविका मिळण्यापूर्वी भरून द्यावेच लागतात. पुढे शस्त्रक्रियेचे व इतर रुग्ण, मनोरुग्ण, बालरुग्ण, आणि शेवटच्या वर्षी प्रसूतिशास्त्र.

पुस्तकात नसलेले मला तिच्या सुट्टीत समजे. पहिल्या सुट्टीत ती घरी आली आणि तिने सर्वांची अंथरुणे घातली. चादरीचा कोपरा लिफाफ्यासारखा दुमडून, एक सुरकुती न ठेवता. आई म्हणाली, “हितं कधी वाकळंची घडी घातली न्हाईस.” तेव्हा आक्काने सांगितले की सुरकुतीवर पडून राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या पाठीला जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. दुसऱ्या वर्षी रात्रपाळीत तिच्यासमोर पहिला रुग्ण गेला. डॉक्टरांनी तपासले, नातेवाईक रडले, आणि मग त्या देहाचे तोंड पुसणे, डोळे मिटवणे, नळ्या काढणे हे काम वॉर्डच्या सिस्टरने आक्काला सोबत घेऊन केले. “पाणी कोमट घे,” सिस्टर म्हणाल्या. मेलेल्या माणसाला कोमट पाणी कशाला, हे आक्काने त्यांना विचारले नाही. मीही तिला विचारले नाही.

“लोकांची घाण काढायची नोकरी” असे आमच्या भावकीत अजून म्हणतात. हे बोलणे जुने आहे. मुंबईत 1891 साली शिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून अभ्यासाच्या पुस्तकात असते. रमाबाई रानडे यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू केले आणि तेथील विधवा स्त्रियांना ससूनमध्ये परिचारिकेचे शिक्षण दिले. त्यांनाही हेच ऐकावे लागले असणार. आपल्या कोल्हापुरातील सी.पी.आर., पूर्वीचे अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, येथे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर काम करीत. असे असून आमच्या गल्लीत डॉक्टर बाई चालते, नर्स चालत नाही. नाही म्हणायला, 2020 च्या साथीत याच भावकीने दारात उभे राहून टाळ्या वाजविल्या होत्या!

हुद्द्यांची नावे मात्र मराठीत फार सुंदर आहेत : स्टाफ नर्स ती अधिपरिचारिका, वॉर्डची प्रमुख ती परिसेविका, मेट्रन ती अधिसेविका. तोंडी सगळ्याच ‘सिस्टर’.

गेल्या वर्षी आक्काची नोंदणी झाली. नंबराचा कागद तिने आबांच्या हातात दिला. आबांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला व विचारले, “ह्यो चालतोय न्हवं?”

राहिली मी. मला बारावीला 61 टक्के होते, इंग्रजीत 47. म्हणजे त्याच वर्षी मी अर्ज करू शकत होते, पण घरात फी एकीचीच निघत होती. हे मी कोणाला बोलले नाही. आबा म्हणतात, हातातली पदवी पुरी कर. आक्का म्हणते, पस्तिशीपर्यंत वेळ आहे म्हणून पस्तिशीपर्यंत थांबू नको. मराठी विषय मला आवडतो, हेही खोटे नाही. माझ्या वैधतेचा कागद आला आहे, तो आक्काच्याच जुन्या रेक्झिनच्या पिशवीत ठेवला आहे. परवा धार काढता काढता आबांनी मान वर न करता विचारले, “ती जाहिरात कवा निघती गं?”