टी गुलाब आणि हायब्रिड टी गुलाब

टी गुलाब हा चिनी मूळ असलेल्या, वर्षातून अनेकदा बहरणाऱ्या बागगुलाबांचा जुना गट आहे. या गटाचा हायब्रिड पर्पेच्युअल गुलाबांशी संकर होऊन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हायब्रिड टी हा गट निर्माण झाला. लांब दांड्यावर एकच मोठे, टोकदार कळीचे फूल, हे आज सर्वपरिचित असलेले गुलाबाचे रूप हायब्रिड टी गटाचे होय. अमेरिकन रोझ सोसायटीच्या वर्गीकरणात १८६७ पूर्वी अस्तित्वात असलेल्या गटांना ‘जुने बागगुलाब’ मानतात. हा निकष गटाला लागू असल्याने १९१० मधला टी गुलाबही जुनाच ठरतो.

नाव
या फुलांचा गंध ताज्या चहाच्या पानांसारखा वाटतो, म्हणून हे नाव पडले असे सामान्यतः मानले जाते.

इतिहास
युरोपातील बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलत. चीनमध्ये मात्र वारंवार फुलणारे गुलाब शतकानुशतके बागांत लावले जात होते. रोझा चायनेन्सिस आणि रोझा जायगँटिया यांच्या संकरातून आलेले दोन चिनी बागगुलाब इंग्लंडमध्ये पोहोचले. ‘ह्यूम्स ब्लश’ हा फिकट गुलाबी वाण १८०९ च्या सुमारास आणि ‘पार्क्स यलो’ हा पिवळसर वाण १८२४ मध्ये आला. यांच्या वंशातून फ्रान्स व इंग्लंडमध्ये टी गुलाब तयार झाले.

थंड हवेत हे गुलाब काचघराबाहेर तग धरत नसत. हायब्रिड पर्पेच्युअल काटक होते, परंतु त्यांचा पुढचा बहर तुरळक असे. या दोन्ही गटांचे गुण ‘ला फ्रान्स’ या वाणात एकत्र आले. ल्याँ येथील जाँ-बातिस्त गियो यांनी तो १८६७ मध्ये प्रसृत केला आणि तो पहिला हायब्रिड टी मानला जातो. त्याच्या पालकांची निश्चित नोंद नाही. इंग्लंडमधील शेतकरी हेन्री बेनेट यांनी मात्र पशुपैदाशीतील तत्त्व गुलाबाला लावून ठरवून परागीकरण केले आणि पालकांच्या नोंदी ठेवल्या. १९०० मध्ये जोसेफ पेर्ने-द्युशे यांनी इराणी पिवळ्या गुलाबाच्या संकरातून ‘सोलेय दॉर’ हा वाण आणला. त्यातून हायब्रिड टी गटाला गडद पिवळा आणि ज्वालेसारखे रंग मिळाले. मात्र काळ्या ठिपक्यांच्या रोगाची प्रवणताही त्याच वाटेने आली.

वैशिष्ट्ये
टी गुलाबाचे झुडूप पसरट व बारीक फांद्यांचे असते. कोवळी पालवी तांबूस-जांभळी असते. फुलाचा देठ नाजूक असल्याने फूल खाली झुकते. हायब्रिड टीचे झुडूप ताठ, दांडा जाड आणि फूल वर तोंड करणारे असते. त्यामुळे ते फुलदाणीसाठी व प्रदर्शनासाठी सोयीचे ठरले.

प्रमुख वाण
टी गुलाब:
• ‘साफ्रानो’ (१८३९): केशरट पिवळी कळी
• ‘दुशेस द ब्राबाँ’ (१८५७): गुलाबी, वाटीसारखे फूल
• ‘लेडी हिलिंग्डन’ (१९१०): जर्दाळू रंगाची छटा

हायब्रिड टी:
• ‘क्रिमझन ग्लोरी’ (१९३५): गडद लाल, सुगंधी
• ‘पीस’: फ्रान्सिस मेयाँ यांचा पिवळा वाण, कडा गुलाबी, १९४५ मध्ये हे नाव मिळाले
• ‘मिस्टर लिंकन’ (१९६४): लाल, तीव्र सुगंध

लागवड
दोन्ही गटांना रोज किमान सहा तास ऊन व निचऱ्याची जमीन लागते. मुख्य फरक छाटणीत आहे. टी गुलाबाची जोरकस छाटणी केल्यास झाड खंगते. म्हणून वाळलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या तेवढ्या काढतात. हायब्रिड टीची दरवर्षी छाटणी करतात. महाराष्ट्रात ती पावसाळा संपल्यावर, साधारणतः ऑक्टोबरमध्ये होते. चार-पाच जोमदार फांद्या ठेवून बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप घेतात. हायब्रिड टीची कलमे बहुधा खुंटावर डोळा भरून करतात. खुंटातून आलेले धुमारे वेळीच न काढल्यास ते वरचढ होतात, मूळ वाण मरतो आणि ‘गुलाब बदलला’ असा समज होतो.

भारतातील स्थान
टी गुलाबांचा पूर्वज रोझा जायगँटिया मणिपूरच्या डोंगरांत आढळतो. कोडाईकनालचे पैदासकार विरू विराराघवन यांनी उष्ण हवामानाच्या गुलाबांसाठी त्याचा उपयोग केला. कृषिशास्त्रज्ञ बी. पी. पाल हे भारतीय गुलाब-पैदाशीचे अग्रणी होत. ‘डॉ. होमी भाभा’ हा पांढरा हायब्रिड टी भारतातच तयार झाला. महाराष्ट्रातील शेतांत ‘ग्लॅडिएटर’ हा लाल हायब्रिड टी दीर्घकाळ लावला जातो.

जतन
गुलाबाचा वाण बियांपासून तसाच उगवत नाही. तो केवळ छाट किंवा डोळ्यातूनच पुढे जातो. कोणी कलम केले नाही, तर शेवटच्या झाडाबरोबर वाणही संपतो. मूळ ‘ह्यूम्स ब्लश’ लुप्त झाल्याचे मानले जाते आणि ‘पार्क्स यलो’ या नावाने आज मिळणाऱ्या झाडाच्या ओळखीविषयी शंका आहे. जर्मनीतील झांगरहाउझेन येथील गुलाबोद्यानात (स्थापना १९०३) हजारो वाण जपले आहेत. बर्म्युडा बेटांवर जुन्या घरांपाशी व स्मशानभूमींत तगून राहिलेल्या, नाव हरवलेल्या टी गुलाबांना ते जिथे सापडले त्या जागेचे नाव देऊन त्यांची कलमे केली जातात. नावाची खात्री नसली, तरी झाड जिवंत असेपर्यंत ओळख पटण्याची शक्यता उरते.