रंग पुसल्यावरचा तपास

दादरच्या ज्या लायब्ररीतून मी तीसेक वर्षं इंग्रजी रहस्यकथा आणत होते, ती गेल्या दिवाळीच्या तोंडावर बंद झाली. शेवटच्या आठवड्यात पुस्तकं किलोवर काढली होती. ढिगात हात घातला तर मेरियन बॅबसनचं ‘रील मर्डर’ हाताला लागलं. आतल्या पानावरची तारखांची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. जांभळे शिक्के, काही तिरके, काही एकमेकांवर बसलेले. शेवटचा शिक्का १९९८चा. सत्तावीस वर्षांत ते पुस्तक कुणी घरी नेलंच नव्हतं. त्याच महिन्यात, १६ ऑक्टोबर २०२५ला, अँजेला लान्सबरी या नटीच्या जन्माला शंभर वर्षं झाली. माझ्याकडे येणाऱ्या दोन्ही वर्तमानपत्रांत त्याची ओळसुद्धा नव्हती.

दोन्ही गोष्टी मला लागल्या. वय झालेली नटी खुनाचा छडा लावते, ही गोष्ट ज्या दशकात रुजली, त्या दशकात मी नाटकाच्या विंगेत प्रॉम्प्टर म्हणून बसत होते आणि घरी येऊन रात्री हीच पुस्तकं वाचत होते.

त्याआधीची वर्षं भराभर ओलांडते. इंग्रजी रहस्यकथेत नट्या पुष्कळ होत्या, पण बहुतेक संशयित म्हणून, नाहीतर प्रेत म्हणून. नायो मार्शच्या ‘फॉल्स सेंट’मधली (१९६०) मेरी बेलामी आपल्या पन्नासाव्या वाढदिवसालाच मरते. मार्श स्वतः न्यूझीलंडमध्ये शेक्सपिअरची नाटकं बसवायची, रंगपटातली माणसं तिला आतून ठाऊक होती. तरीही तपास तिने पोलिसाकडेच ठेवला. १९७५मध्ये सायमन ब्रेटने चार्ल्स पॅरिस नावाचा, हाताला काम नसलेला, दारूत बुडालेला नट शोधक केला. पुस्तकं चांगली आहेत. पण बाईची वेळ अजून यायची होती.

ती आली १९८४मध्ये, टीव्हीवरून. ‘मर्डर, शी रोट’मधली जेसिका फ्लेचर ही लेखिका, नटी नव्हे. पण पडद्यावर लान्सबरी ही साठीला टेकलेली नटीच दर आठवड्याला खुनी शोधत होती, हे प्रेक्षक कसे विसरतील? या नटीला आयुष्यभर वयाने मोठं करून ठेवलं होतं. १९६२च्या ‘द मंचुरियन कँडिडेट’मध्ये ती लॉरेन्स हार्वेची आई झाली, तेव्हा तो तिच्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान होता. मालिका बारा वर्षं चालली, २६४ भाग झाले, बाराही वर्षं तिला एमीचं नामांकन मिळालं आणि एकदाही पुरस्कार मिळाला नाही. हा अन्याय होता आणि मी त्याला आजही अन्यायच म्हणते.

तिने केलेली एक गोष्ट मला त्या पुरस्कारांहून मोठी वाटते. मॅडलिन ऱ्हू नावाच्या नटीला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला होता, ती व्हीलचेअरला खिळली होती. कलावंतांच्या संघटनेचा आरोग्यविमा टिकवायचा तर वर्षाला ठरावीक कमाई दाखवावी लागे, आणि ती होत नव्हती. लान्सबरीने तिच्यासाठी मालिकेत ग्रंथपालाची भूमिका तयार करवून घेतली. विमा टिकला.

आणि मग बॅबसन. जन्म अमेरिकेतला, १९२९चा. १९६०पासून मुक्काम लंडनला. १९८६च्या ‘रील मर्डर’मध्ये तिने ट्रिक्सी डोलन आणि इव्हँजेलिन सिंक्लेअर या हॉलिवुडच्या दोन जुन्या नट्यांना लंडनला आणलं. इव्हँजेलिनच्या जुन्या चित्रपटांचा महोत्सव असतो, त्यासाठी. पुढच्या नऊ वर्षांत या जोडीची आणखी चार पुस्तकं आली. दोघी भांडतात, जुने हिशेब काढतात, कुणाचं नाव वर लागणार यावरून अबोला धरतात. पण खोटं रडणं आणि खरं रडणं यांतला फरक त्यांना कळतो, कारण खोटं रडण्यावरच दोघींचं पोट चाललेलं असतं. तिथे नटीचा धंदा हेच तपासाचं हत्यार आहे, आणि तेच मला हवं होतं.

हे पुस्तकी नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. १९९१च्या हिवाळ्यात आमचा दौरा सांगलीकडे होता. बुकिंगच्या पैशांतले अडीच हजार रुपये गेले. व्यवस्थापकाने सगळ्यांच्या बॅगा उलट्या केल्या, काही निघालं नाही. आमच्यात आईची कामं करणाऱ्या एक बाई होत्या, साठीच्या. आरशासमोर बसून खोबरेल लावून रंग पुसत होत्या. त्यांनी मागे न वळता, आरशातूनच एकेकाला विचारलं, “मध्यंतरात कुठे होतास रे?” शेवटी मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, “तो प्रकाशयोजनेचा पोरगा. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने उत्तर दिलं. खरं सांगणारा आधी प्रश्न ऐकतो गं, पाठ केलेला क्यूची वाट बघतो.” रात्री पैसे परत आले. पुढच्या वर्षी त्या बाईंना वयाचं कारण सांगून नाटकातून काढलं.

लान्सबरीचंही तेच झालं. १९९५मध्ये वाहिनीने तिची मालिका रविवारहून उचलून गुरुवारी, ‘फ्रेंड्स’समोर टाकली. जाहिरातदारांना तरुण प्रेक्षक हवा होता. मे १९९६मध्ये मालिका संपली.

त्यानंतरचं सांगण्यात मला रस नाही. बॅबसनची ही जोडी २००३मध्ये परतली ती ‘द कॅट हू वॉजन्ट अ डॉग’ घेऊन, आणि २०१२च्या शेवटच्या पुस्तकाच्या नावातही मांजरच. आधीच्या नावांत रीळ होतं, वन्समोअर होता. आजच्या ‘कोझी’ कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांवर केक आणि मांजरं एवढी झाली आहेत की आतली बाई नटी होती की शिक्षिका, याने काही बिघडत नाही. ‘ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग’ या मालिकेत शोधकांमध्ये आहे तो म्हातारा नट. २०२३च्या तिसऱ्या पर्वात मेरिल स्ट्रीप आयुष्यभर संधी न मिळालेली नटी म्हणून आली, अप्रतिम काम केलं, आणि उभी राहिली ती पुन्हा संशयितांच्या रांगेत.

आपल्याकडे तर हे दार उघडलंच नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, सुहास शिरवळकरांनी पिढ्या जागवल्या, आणि त्यांचे गाजलेले नायक सगळे पुरुष. दुसरीकडे हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) आणि ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) ही आत्मचरित्रं पडून आहेत. माणूस ओळखायला, त्याच्या शब्दामागचं बघायला या बायका काय किंमत देऊन शिकल्या, ते त्यांत आहे. दौरे, रंगपट, रात्रीची बस, बुकिंगची पेटी, सगळं मराठीत तयार होतं. लिहिणाऱ्यांनी ते उचललं नाही. आज जे रहस्यकथा लिहितात, त्यांनी ते उचलावं.

‘रील मर्डर’ मी वीस रुपयांना घेतलं. त्याच जोडीचं ‘ब्रेक अ लेग, डार्लिंग्ज’ मात्र त्या ढिगात मिळालं नाही. कुणाकडे असेल तर कृपया रद्दीत देऊ नका, मला कळवा. वाचून परत करीन.