तिळातलं पाच अणूंचं कडं

एक तीळ चिमटीत धरा. वजन साधारण तीन मिलिग्रॅम. ग्रॅमभर तीळ मोजायला तीनशेच्या आसपास दाणे लागतील. या एवढ्याशा दाण्याचं जवळपास निम्मं वजन तेलाचं असतं. आणि खरी गंमत पुढे आहे: रसायनशास्त्राच्या हिशेबाने हे तेल लवकर खवट व्हायला हवं, पण ते होत नाही!

खवट का व्हायला हवं? कारण त्यात सुमारे ४० टक्के लिनोलेइक आम्ल असतं. शरीराला हे मेदाम्ल हवंच असतं आणि ते आपल्याला घरच्या घरी, म्हणजे शरीरात, बनवता येत नाही. ते अन्नातूनच यावं लागतं. मात्र हवेतल्या ऑक्सिजनपुढे ते फार हळवं. तरीही आंध्रात आंब्याचं आवकाय लोणचं वर्षभरासाठी घालतात ते याच तेलात. हे जमतं कसं?

आधी तेल खवट होतं म्हणजे काय होतं ते पाहू. गावात अफवा पसरते, अगदी तसंच. मेदाम्लाच्या एका रेणूतून हायड्रोजनचा अणू निसटतो, तिथे ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि बिथरलेला तो रेणू शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढून घेतो. मग शेजारी बिथरतो. एकाचं ऐकून दुसरा, दुसऱ्याचं ऐकून तिसरा. ही साखळी थांबवायला असा कुणीतरी लागतो, जो ऐकून घेईल पण पुढे सांगणार नाही. म्हणजे आपला हायड्रोजन देऊन टाकेल आणि तरीही शांत राहील. अशा रेणूला अँटिऑक्सिडंट म्हणतात.

तिळाच्या तेलात असे शांत रेणू कोण? संशोधकांची नजर गेली ती सेसामिन आणि सेसामोलिन या दोन द्रव्यांवर. ही लिग्नन नावाच्या वनस्पतिज द्रव्यांच्या कुळातली. शंभर ग्रॅम तेलात दोन्ही मिळून जेमतेम ग्रॅमभर, बहुधा त्याहूनही कमी. त्यांच्या रेणूत दोन ऑक्सिजन आणि तीन कार्बन मिळून झालेलं पाच अणूंचं एक कडं असतं. सेसामिनमध्ये अशी दोन कडी. पण इथे कोडं अधिकच अवघड होतं, कारण या कड्यात ऑक्सिजन दोन्ही बाजूंनी बांधलेले असतात. चटकन देऊन टाकावा असा मोकळा हायड्रोजन त्यांच्यापाशी नसतोच!

उत्तर आहे आचेत. तीळ खरपूस भाजले किंवा तेल चांगलं तापवलं की सेसामोलिन तुटतं आणि त्यातून सेसामॉल बाहेर पडतं. त्याच्यापाशी मोकळा हायड्रोजन असतो आणि ते पट्टीचं अँटिऑक्सिडंट आहे. बहुतेक नाजूक द्रव्यं आचेने नासतात. इथे आच रखवालदाराला जागं करते. चीन, जपान, कोरियात तीळ भाजून काढलेलं गडद तेल दीर्घकाळ टिकतं, त्यामागे हेही कारण आहे. कारखान्यात तेल शुद्ध करताना आम्लयुक्त मातीने त्याचा रंग काढतात, तेव्हा त्याच सेसामोलिनपासून आणखी एक रक्षक तयार होतो: सेसामिनॉल. कच्चा माल एकच, पण वाट बदलली की पहारेकरी बदलतो.

आता हे तेल पोटात गेल्यावर काय होतं ते पाहा. आपलं यकृत सेसामिनचं कडं उघडतं आणि आत बांधलेले ऑक्सिजन मोकळे होतात. बरणीत निष्क्रिय वाटणारं द्रव्य यकृतात अँटिऑक्सिडंट बनतं! काही भाग आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू त्यापासून एंटेरोलॅक्टोन नावाचं वेगळंच द्रव्य घडवतात.

याहून थक्क करणारी गोष्ट ई जीवनसत्त्वाची. तिळात ते मुख्यतः गॅमा टोकोफेरॉल या रूपात असतं आणि आपलं शरीर हे रूप भराभर मोडून बाहेर टाकतं. सेसामिन ही मोडतोड करणाऱ्या विकरालाच रोखून धरतं. म्हणून तीळ खाणाऱ्यांच्या रक्तात गॅमा टोकोफेरॉलची पातळी वाढलेली आढळते. तीळ जीवनसत्त्व देतो आणि ते टिकवायची सोयही सोबत पाठवतो.

हीच करामत माशीवरही चालते. १९४० च्या सुमारास लक्षात आलं की शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून मिळणाऱ्या पायरेथ्रम या कीटकनाशकात तिळाचं तेल मिसळलं की त्याचा मारा कितीतरी वाढतो. माशीचं शरीर विकरं वापरून विष मोडून काढतं; सेसामिन ती विकरंच अडवतं. पुढे तसंच कडं असलेलं पायपरोनिल ब्युटॉक्साइड प्रयोगशाळेत बनवलं गेलं. कीटकनाशक फवाऱ्यांत ते आजही वापरतात.

तुपातली भेसळ पकडायलाही तिळाचं हेच रसायन कामी येतं. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालण्याचा नियम भारतात केला गेला, तो चोर पकडता यावा म्हणून. संशयित साजूक तूप वितळवायचं, त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि थोडं फरफ्युरल घालून जोरात हलवायचं. खालचा आम्लाचा थर किरमिजी झाला की समजावं, तुपात वनस्पती आहे! हा रंग आणतं ते सेसामॉल.

मग रोजच्या जेवणात या तेलाचा उपयोग किती? त्यातली बहुतांश मेदाम्लं असंपृक्त असतात. वनस्पती तूप, डालड्यासारख्या घट्ट स्निग्धाच्या जागी ते वापरलं तर हृदयाच्या फायद्याचं. त्यातले फायटोस्टेरॉल दिसायला कोलेस्टेरॉलसारखे, त्यामुळे आतड्यात त्याची वाट अडवतात. छोट्या चाचण्यांत रक्तदाब थोडा उतरल्याचंही दिसलं आहे. मात्र हे औषध नव्हे. रक्तदाबाची गोळी त्याच्या भरवशावर बंद करू नये. ग्रॅममागे नऊ कॅलरी इथेही आहेतच. काहींना तिळाची तीव्र ॲलर्जी असते, म्हणून अमेरिकेत २०२३ पासून पाकिटावर तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला.

हा सगळा खटाटोप तिळाने आपल्यासाठी केलेला नाही. पाऊस पडून बी रुजेपर्यंत त्यातलं तेल ताजं राहायला हवं, कारण कोंबाची पहिली शिदोरी तीच. हडप्पाच्या उत्खननात जळालेल्या तिळांचा गोळा सापडला आहे. म्हणजे किमान चार हजार वर्षं माणूस त्या शिदोरीत वाटेकरी आहे. तिच्यातलं रसायन मात्र त्याला गेल्या शंभरएक वर्षांतच उलगडू लागलं.