कोल्हा मारून रोग हटत नाही



लोणंद भागात ऊसतोड सुरू झाली, की फडातला कोल्हा उघड्यावर येतो. एरवी तो माणसाला बुजून पळतो. पण न बुजता वस्तीत शिरणारा, कुत्र्यांच्या-बैलांच्या अंगावर जाणारा कोल्हा पिसाळलेला असू शकतो. मग लोक काठ्या-कुऱ्हाडी घेऊन निघतात आणि दिसेल तो कोल्हा लोळवतात. त्याने रोग हटतो काय?

युरोपात हे करून झाले आहे. तिकडच्या तांबड्या कोल्ह्यांत पसरत हा रोग १९६७ साली स्वित्झर्लंडमध्ये शिरला. बंदुका चालवल्या, बिळांत विषारी वायू सोडला. पण एक कोल्हा मेला, की त्याच्या मोकळ्या रानात दुसरीकडचा येई. रोग चालूच! अखेर १९७८ साली ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोंबडीच्या मुंडक्यात लसीची पुडी दडवून ती मुंडकी रानात टाकली. कोल्ह्याने मुंडके चावले, की पुडी फुटून लस तोंडात उतरे. लस मिळालेल्या कोल्ह्यांची जणू भिंतच उभी राहिली. रोग पुढे सरकेना. १९९९ साली तो देश रेबीजमुक्त जाहीर झाला. आपल्या उसात राहतो त्याच जातीच्या कोल्ह्यासाठी इस्रायलने १९९८ पासून विमानातून अशी आमिषे टाकली.

आपल्याकडे मात्र रोगाचे मूळ कुत्र्यात आहे. कुत्र्याकडून तो कोल्ह्याला, मुंगसाला जातो आणि फिरून वस्तीवर येतो. म्हणून आपली भिंत कुत्र्यांचीच उभारायची. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असली, तर रोगाची साखळी तुटते. गोव्याने गावोगावी कुत्र्यांना लस टोचली आणि २०२१ साली ते राज्य 'रेबीज नियंत्रित' जाहीर झाले.

तेव्हा वस्तीवरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचे झाल्यावर लस टोचा आणि दरवर्षी टोचत राहा. तोडकऱ्यांच्या टोळीबरोबर आलेली कुत्रीही सोडू नका. बैलाला चावा बसला, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना कळवा.

माणसाला चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. चुना, तिखट, हळद काही भरू नका. मांत्रिकाकडे वेळ न घालवता त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटातली चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली. लस दंडात मिळते आणि सगळे डोस पुरे करावेच लागतात. जखमेतून रक्त आले असेल, तर जखमेत द्यायचे वेगळे औषधही मागून घ्या.

रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस हाती लागत नाही. जे करायचे, ते त्याआधीच.